स्पोर्ट्सचा पॅक घ्यायच्या आधी: केबलच्या काउंटरवरून चार हिशोब

मी कोल्हापुरात एका पेठेत केबल ऑफिसच्या काउंटरवर बसते. सासऱ्यांनी चार गल्ल्यांत वायर ओढून सुरू केलेला धंदा. आता वसुलीला दीर फिरतो आणि पॅक चालू करणं, बंद करणं आणि बोलणी खाणं ही खाती माझ्याकडे. मार्च उजाडला की एकच वाक्य दिवसभर कानावर येतं: "वहिनी, सगळे स्पोर्ट्स टाका."

टाकते मी. माझा धंदाच तो. पण काउंटरच्या आतून दिसणारा हिशोब बाहेरच्याला दिसत नाही, आणि ‘सगळे स्पोर्ट्स’ हे बहुतेक घरांसाठी सगळ्यात महागडं उत्तर असतं. चॅनेल कुठलं घ्यायचं हा प्रश्नच आधी विचारायचा नसतो. आधी विचारायचं, मॅच कुठली बघायची आणि ती कुठल्या महिन्यात आहे. पैसे त्या महिन्याचे भरायचे. बाकीचे महिने चॅनेल बंद.

आधी एक कागद घ्या

घरातल्या प्रत्येकाला विचारा: वर्षभरात काय बघितल्याशिवाय राहणार नाही? "क्रिकेट" हे उत्तर चालणार नाही. भारताचे सामने, आयपीएल, कसोटी, प्रो कबड्डी, फुटबॉलची कुठली लीग, टेनिसची कुठली स्पर्धा, असं सुटंसुटं लिहा. प्रत्येकापुढे तारखा लिहा. मग कुणाकडे दाखवणार ते लिहा. हे मालिकेच्या महिनाभर आधी बातम्यांत येतंच.

२०२५ सालच घ्या, कारण ते पूर्ण होऊन गेलंय आणि हिशोब पक्का मांडता येतो. चॅम्पियन्स ट्रॉफी १९ फेब्रुवारी ते ९ मार्च, ती स्टारवाल्यांकडे. आयपीएल २२ मार्च ते ३ जून, तेही स्टारकडे. २० जून ते ४ ऑगस्ट इंग्लंडमधल्या पाच कसोट्या. त्या टीव्हीवर सोनीकडे, पण मोबाइलवर स्टारवाल्यांच्याच जिओहॉटस्टार अॅपकडे! एकच मालिका, दोन मालक. त्या पावसाळ्यात कितीतरी लोकांनी माझ्याकडे स्टारचा पॅक चालू असल्याची पावती दाखवून "मॅच का नाही?" म्हणून विचारलं. सप्टेंबरात ९ ते २८ आशिया कप, तो पुन्हा सोनीकडे. ३० सप्टेंबर ते २ नोव्हेंबर महिलांचा विश्वचषक स्टारकडे. त्याची फायनल आपल्या नवी मुंबईत डी. वाय. पाटीलवर झाली आणि आपण जिंकलो. शेजारच्या सांगलीची स्मृती मानधना संघात, त्यामुळे आमच्याकडे त्या रात्री दिवाळीच होती. त्याच ऑक्टोबरात वेस्ट इंडीज आणि नंतर दक्षिण आफ्रिका भारतात, हे परत स्टार.

आता बघा, फक्त टीव्हीवर क्रिकेट बघणाऱ्या घराला सोनीचे स्पोर्ट्स लागले किती? इंग्लंडसाठी २० जूनपासून तीस-तीस दिवसांचे दोन रिचार्ज, आशिया कपसाठी एक. म्हणजे तीन. आणि मी यादी काढून बघते तेव्हा निम्म्या घरांत ते चॅनेल बाराही महिने चालू असतं, कारण एकदा टाकलं ते काढायला कुणी आलंच नाही.

मोटामोटी लक्षात ठेवायचं तर आयपीएल, आयसीसीच्या स्पर्धा, भारतातले सामने आणि ऑस्ट्रेलियातले दौरे स्टार-जिओहॉटस्टारच्या बाजूला. इंग्लंड, न्यूझीलंड आणि आशिया कप सोनीच्या बाजूला. पण हे करार ठराविक वर्षांचे असतात. आयपीएलचा आत्ताचा २०२७ पर्यंत आहे, आयसीसीचाही २०२७ पर्यंत, भारतातल्या सामन्यांचा २०२८ पर्यंत. म्हणून गेल्या वर्षीच्या माहितीवर यंदाचा पॅक टाकू नका.

फुटबॉलवाल्यांचं दुखणं वेगळं. आमच्या गावात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचा सामना असला की माझ्या वसुलीच्या पोरांपैकी एकही जागेवर सापडत नाही. तीच पोरं रात्री जागून युरोपातलं बघतात. त्यांना इंग्लिश प्रीमियर लीगसाठी स्टार-जिओहॉटस्टार, चॅम्पियन्स लीगसाठी सोनी आणि स्पॅनिश ला लीगासाठी फॅनकोड हे अॅप लागतं. एकच क्लब मनापासून बघायचा म्हटलं तरी दोन दारं. त्यांना माझा सल्ला असा की लीग एकच निवडा, बाकीचं हायलाइट्सवर भागवा. फॅनकोडवर एकेका सामन्याचा किंवा शर्यतीचा पास मिळतो, फॉर्म्युला वनही २०२४ पासून तिथंच आहे. वर्षातून दोन-चार सामने बघणाऱ्याला तो पास परवडतो. पण पासची किंमत आणि पुऱ्या हंगामाची किंमत शेजारी-शेजारी लिहून बघा. बरेच पास झाले की हंगामाचंच तिकीट स्वस्त पडायला लागतं.

बिल वाचायला शिका

केबलचं असो नाहीतर छत्रीचं (डीटीएच), बिलात तीनच गोष्टी असतात. पहिली एनसीएफ, म्हणजे चॅनेल घरापर्यंत आणण्याचं भाडं. दुसरी पैसे भरायच्या चॅनेलांची किंमत. तिसरी या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी.

ही पद्धत ट्रायने, म्हणजे टीव्ही-फोनचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याने, १ फेब्रुवारी २०१९ पासून लावली. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात अक्षरशः छापील फॉर्म भरून घ्यायचं काम चालू होतं, आजी-आजोबा चष्मा लावून चॅनेलपुढे टिक करत बसले होते. तेव्हा शंभर चॅनेलांचं भाडं जास्तीत जास्त १३० रुपये ठरलं. पुढे तेवढ्याच पैशात दोनशे चॅनेल द्यायचे ठरले. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही वरची मर्यादाच काढून टाकली. आता एनसीएफ किती लावायचं ते ऑपरेटर ठरवतो, त्याने ते जाहीर करायचं एवढीच अट. म्हणून "पॅक केवढ्याचा?" असं विचारू नका. "एनसीएफ किती आणि चॅनेलचे किती, वेगळं सांगा" असं विचारा. वेगळं सांगायला जो का-कू करतो, त्याच्याकडचा पॅक घेण्याआधी शेजारच्या ऑपरेटरचा किंवा डीटीएचचा दर बघा. मर्यादा उठल्यापासून या भाड्यात ऑपरेटरा-ऑपरेटरात फरक पडू शकतो. चॅनेलची एमआरपी प्रसारक ठरवतो, ती सगळीकडे तीच.

तुमच्या बॉक्सवर ९९९ नंबर दाबून बघा. ग्राहकांच्या माहितीचं चॅनेल तिथं असायला हवं. सगळे दर तिथं वाचता येतात असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण तक्रारीचा नंबर मिळतो.

बुकेचं गणित

आता जिथं सगळे फसतात तिथं येऊ: बुके, म्हणजे एकाच प्रसारक कंपनीच्या बऱ्याच चॅनेलांचा एकत्र पॅक. फसतात म्हणजे कुणी खोटं बोलतं असं नाही, गणितच तसं रचलेलं आहे.

नियम असा: १९ रुपयांपर्यंत एमआरपी असलेलं चॅनेलच बुकेत घालता येतं. आणि बुकेची किंमत आतल्या सगळ्या चॅनेलांच्या बेरजेपेक्षा जास्तीत जास्त ४५ टक्क्यांनी कमी ठेवता येते. म्हणून ज्याच्यासाठी लोक येतात ते स्पोर्ट्सचं चॅनेल १९ रुपयांच्या आसपास येऊन बसतं. वर गेलं तर बुकेबाहेर पडेल, आणि खाली कशाला जाईल?

समजा एका कंपनीच्या बुकेत दहा चॅनेल आहेत, सुट्या किमतींची बेरीज ८० रुपये. पूर्ण ४५ टक्के सूट दिली तर बुके ४४ रुपयांना बसतो. तुम्हाला हवीत त्यातली १९-१९ ची दोन चॅनेल, म्हणजे ३८ रुपये. काउंटरवर मी हे सांगितलं की गिऱ्हाईक काय म्हणणार? "सहा रुपयांत आठ चॅनेल जास्तीची? टाका की वहिनी बुके!" यातच खुबी आहे. प्रत्येक घरात बुके जाणं प्रसारकाला हवं असतं, कारण न बघितलेली चॅनेलंही मग कागदावर घराघरांत पोचलेली दिसतात.

तुम्हाला खरोखर ती दोन्ही हवी असतील आणि घरात त्याच कंपनीच्या मालिका बघितल्या जात असतील, तर बुके घ्याच. तिथं तो सरळ फायद्याचा सौदा आहे. पण घराला एकच स्पोर्ट्स चॅनेल हवं असेल तर हिशोब उलटतो. सुटं १९ रुपये म्हणजे जीएसटीसकट २२ रुपये ४२ पैसे. बुके ४४ म्हणजे ५१ रुपये ९२ पैसे. फरक महिन्याला साडेएकोणतीस रुपयांचा, वर्षाला ३५४ चा. आणि असे दोन कंपन्यांचे बुके असले तर सातशेच्या वर. किमती कंपनीगणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून माझे आकडे पाठ करू नका. सुट्याची बेरीज आणि बुकेची किंमत शेजारी लिहायची एवढंच करा.

दुसरी एक गोष्ट, जी यादीत हमखास सापडते. त्याच चॅनेलचं साधं आणि एचडी अशी दोन्ही रूपं चालू. साधं बुकेतून आलेलं असतं, आणि एचडी कुणीतरी वर्ल्डकपच्या वेळी सुटं टाकून घेतलेलं. दोन्हींचे पैसे कटतात. तुमच्या चालू चॅनेलांची यादी मागा, ऑपरेटरने ती द्यायला हवी, आणि अशी जोडी दिसली की एक काढा. एचडी दाखवणारा टीव्ही आणि एचडी बॉक्स दोन्ही असतील तरच एचडी ठेवा. नुसता टीव्ही मोठा असून भागत नाही.

घरात दुसरा टीव्ही असेल तर त्याच्या बॉक्सवर तेच पॅक असलं पाहिजे अशी सक्ती नाही. आईंच्या खोलीतल्या टीव्हीवर मालिका आणि भजनं चालतात, तिथं स्पोर्ट्सचा पैसा कशाला? दुसऱ्या कनेक्शनला एनसीएफ कमी लावतात का, तेही विचारा.

तारखेवर टाका, तारखेवर काढा

आयपीएलचंच बोलते. २०२५ ची आयपीएल २२ मार्चला सुरू झाली. ठरलेली फायनल २५ मेला होती. २२ मार्चला रिचार्ज केलं तर तीस-तीस दिवसांचे दोन महिने २१ मेच्या आसपास संपतात. म्हणजे प्लेऑफ सुरू व्हायला आणि तुमचं चॅनेल बंद पडायला एकच गाठ. त्यात मे महिन्यात सीमेवरच्या तणावामुळे स्पर्धा मध्येच थांबली आणि फायनल ३ जूनला गेली. दोन महिन्यांचंच मोजून भरलेली मंडळी परत काउंटरवर. आयपीएलला केबलवर तीन रिचार्ज धरा, आणि तिसऱ्या रिचार्जचे उरलेले दिवस पुढच्या मालिकेला लागतात का ते बघा.

चॅनेल टाकायची किंवा काढायची विनंती केली की ऑपरेटरने ती ७२ तासांत पुरी करायची असते. आम्ही दोन मिनिटांत करतो, पण पहिल्या मॅचच्या संध्याकाळी सात वाजता नाही. तेव्हा सगळं गाव एकदम येतं, सर्व्हर हळू चालतो आणि माझी जीभ जड होते. दोन दिवस आधी या.

काढायला मात्र कुणीच येत नाही. म्हणून टाकतानाच मोबाइलवर संपायच्या तारखेची आठवण लावून ठेवा. आणि "महिनाभर गावाला चाललोय" असं असेल तर चॅनेल नव्हे, सगळं कनेक्शनच तात्पुरतं थांबवता येतं. त्याला पंधरा दिवस आधी सांगावं लागतं आणि निदान एक महिन्यासाठी थांबवावं लागतं. थांबवण्याचे पैसे लागतात का, ते आता ऑपरेटरवर आहे, आधी विचारा.

मोबाइलचा हिशोब वेगळा

माझ्या धंद्याचा शत्रू असला तरी अॅपबद्दल सरळ सांगते. एकटा माणूस असेल, कामावरून येताना बसमध्ये मॅच बघत असेल, तर त्याला केबलचा स्पोर्ट्स पॅक लागत नाही.

जिओहॉटस्टार १४ फेब्रुवारी २०२५ ला आलं तेव्हा फक्त मोबाइलचा प्लॅन तीन महिन्यांना १४९ आणि वर्षाला ४९९ होता. दोन उपकरणांवर चालणारा ‘सुपर’ तीन महिन्यांना २९९, वर्षाला ८९९. आता गणित करा. मोबाइलच्या प्लॅनचे तीन तिमाही भरले तर ४४७, म्हणजे वर्षापेक्षा स्वस्त. चार भरले तर ५९६, तेव्हा वर्षाचाच बरा. ‘सुपर’चे तीन तिमाही ८९७, वर्ष ८९९. तिथं तीन तिमाही लागणार असतील तर सरळ वर्ष घ्या. दर त्यानंतर बदलत राहतात, तुम्ही घ्याल त्या दिवशीचे आकडे याच गणितात घाला: कागदावरच्या तारखांना किती तिमाही लागतात ते आधी, मग वर्षाशी तुलना.

तिमाही घ्यायचा दिवसही महत्त्वाचा. १४ फेब्रुवारीला हौसेने घेतलेला तीन महिन्यांचा प्लॅन मेच्या मध्यात संपला, फायनलच्या आधी. २२ मार्चला घेतला असता तर लांबलेल्या फायनललाही पुरून उरला असता. पहिल्या चेंडूच्या आधी तासभर घ्या, महिनाभर आधी नको.

घेण्याआधी तुमचं मोबाइलचं रिचार्ज आणि घरचं ब्रॉडबँड तपासा. बऱ्याच रिचार्जमध्ये हे अॅप आधीच घातलेलं असतं. २०२५ च्या आयपीएलच्या तोंडावर जिओने २९९ आणि त्यावरच्या रिचार्जवर नव्वद दिवसांचं जिओहॉटस्टार दिलं होतं. ज्यांनी आधीच वेगळे पैसे भरले ते हात चोळत बसले. मात्र फुकट मिळालेलं पुष्कळदा फक्त मोबाइलपुरतं असतं, टीव्हीवर टाकायला गेलं की अडतं. रिचार्जच्या अटींत ‘मोबाइल’ लिहिलंय की ‘टीव्ही’ ते वाचा.

आणखी एक भ्रम. महागातला ‘प्रीमियम’ प्लॅन घेतला की जाहिराती जातात, असं समजून लोक तो घेतात. सिनेमा-मालिकांच्या जातात. लाइव्ह मॅचच्या नाही. षटक संपलं की पानमसाला सगळ्यांना सारखाच. तुम्हाला फक्त क्रिकेट बघायचं असेल तर जाहिरातींसाठी ‘प्रीमियम’चे पैसे भरू नका, चार टीव्हींवर किंवा फोर-के चित्रात बघायचं असेल तर गोष्ट वेगळी.

डेटाही मोजा. चांगल्या चित्रात तासाला दीड-दोन जीबी सहज उडतो, आणि टी-ट्वेंटी चालते साडेतीन-चार तास. रोजच्या दीड जीबीवाल्या रिचार्जमध्ये दुसऱ्या डावाला चित्र गोल-गोल फिरायला लागतं. शिवाय अॅप केबलच्या काही सेकंद मागे असतं. आमच्या गल्लीत केबलवाली घरं आधी ओरडतात आणि अॅपवाल्यांना विकेट पडल्याचं ऐकून कळतं. काहींना याचा एवढा वैताग येतो की फायनलपुरतं परत माझ्याकडे येतात. मी काही बोलत नाही, पॅक टाकते.

अॅपचे पैसे भरताना ऑटोपे लागतं. ते कापण्याच्या चोवीस तास आधी तुम्हाला सूचना आली पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण ती सूचना बँकेच्या इतर शंभर एसएमएसमध्ये बुडते. पैसे भरले की लगेच यूपीआय अॅपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन ते रद्द करा. भरलेल्या मुदतीपर्यंत बहुतेक ठिकाणी अॅप चालूच राहतं. रद्द करायची वाट मुद्दाम अवघड ठेवणं, याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या नियमावलीत फसव्या प्रकारांमध्ये धरलंय, तेव्हा अडवलं तर तक्रार करायला बिचकू नका.

फुकट होतं ते कुठं गेलं?

हा प्रश्न मला रोज विचारतात. "वहिनी, मागं तर सगळं फुकट दिसायचं." दिसायचं, खरंय. २०२२ चा फुटबॉल विश्वचषक जिओसिनेमावर फुकट होता. २०२३ ची आयपीएलही तिथं फुकट. मग समोरच्या, स्टारवाल्यांच्या हॉटस्टारने त्याच वर्षीचा आशिया कप आणि क्रिकेटचा विश्वचषक मोबाइलवर फुकट केला. हा दोन पैलवानांच्या खडाखडीतला खर्च होता. २०२३ ते २०२७ च्या आयपीएलचे हक्क एकूण ४८,३९० कोटींना गेले होते. त्यात टीव्ही स्टारकडे आणि मोबाइल जिओसिनेमावाल्या वायाकॉम-१८ कडे. एवढे पैसे ओतून दोघं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवत होते, म्हणून आपल्याला फुकट.

मग फेब्रुवारी २०२४ मध्ये दोघांनी एकत्र यायचं जाहीर केलं. ऑगस्टमध्ये बाजारातल्या चढाओढीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी स्पर्धा आयोगाने काही अटींवर मंजुरी दिली, नोव्हेंबरमध्ये ते एकच झाले आणि पुढच्या फेब्रुवारीत जिओहॉटस्टारचे प्लॅन आले. क्रिकेटमधल्या जाहिरातींच्या जागा टीव्ही आणि मोबाइलच्या एकत्र बांधून विकणार नाही, अशी हमी त्यांनी आयोगाला दिली. जाहिरातदारांची काळजी घेतली गेली, चांगलंच झालं. पॅक घेणाऱ्याने आपली काळजी आपणच घ्यायची.

एकाच अॅपवर आयपीएल, आयसीसी आणि घरचे सामने मिळणं ही सोयही आहे, मी नाकारत नाही. पण जिथं आधी तीन दुकानं होती तिथं आता दीड आहे. अशा बाजारात गिऱ्हाइकाच्या हातात एकच गोष्ट उरते: नको त्या महिन्यात पैसे न भरणं.

दूरदर्शनचं नेमकं काय

२००७ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी हक्कदाराने प्रसार भारतीला द्यावं लागतं. भारतीय पुरुष संघाचे अधिकृत एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्यात येतात. आयपीएल येत नाही. मग लोक केबलवर डीडी स्पोर्ट्स लावतात आणि तिथं मॅचच्या ऐवजी भलतंच काहीतरी चालू असतं, आणि फोन मला येतो. यात माझा दोष नाही हो. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हे सामने दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि डीडी फ्री डिशवरच दाखवायचे. खासगी केबल आणि डीटीएचवर नाही.

म्हणून ज्याला भारताचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी एवढंच बघायचंय, त्याने सरळ फ्री डिश लावावी. छत्री आणि बॉक्सचा एकदाचा खर्च, दर महिन्याला काहीच नाही. शेतावरच्या घरात, मळ्यात, उसाच्या हंगामात टोळ्या उतरतात तिथं हीच छत्री दिसते. केबलवाली बाई हे सांगतेय म्हणजे खरंच असणार असं समजा. फक्त बॉक्स एमपीईजी-४ चा घ्या. जुन्या बॉक्सवर सगळी चॅनेलं दिसत नाहीत.

‘सगळं जग फुकट’ म्हणून विकले जाणारे चोरटे बॉक्स आणि टेलिग्रामवरच्या लिंका यांच्या वाटेला जाऊ नका. ऐन सुपर ओव्हरला बंद पडतात, आणि पैसे परत मागायला कुठलं ऑफिस नसतं.

चॅनेल गेलं तर

फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्या दरांवरून प्रसारक आणि केबल कंपन्यांचं भांडण झालं. नव्या करारावर सह्या केल्या नाहीत म्हणून मोठ्या प्रसारकांनी देशभरातल्या कितीतरी केबल कंपन्यांचे सिग्नल तोडले, तेही ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी मालिका रंगात असताना. आमचा फोन तापून लाल झाला होता. अशा वेळी गल्लीतला केबलवाला काही करू शकत नाही. तो वायरीचा माणूस, करार वरच्या कंपनीचा. तेवढे दिवस अॅपचा छोटा प्लॅन घ्या आणि बंद चॅनेलांच्या दिवसांचे पैसे पुढच्या बिलातून वळते करून मागा. मागणाऱ्यालाच मिळतात.

एरवी चॅनेल गेलं, जास्त पैसे कटले, काढा म्हटलेलं काढलं नाही, तर आधी केबल कंपनीच्या कॉल सेंटरला फोन करा आणि तक्रार क्रमांक घ्या. माझ्याशी काउंटरवर भांडून क्रमांक मिळत नाही आणि क्रमांकाशिवाय पुढे कुणी विचारत नाही. तिथं भागलं नाही तर कंपनीच्या, तक्रारी बघणाऱ्या नोडल ऑफिसरकडे लेखी. तरीही नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ट्रायला पत्र पाठवून एकट्या-दुकट्याची तक्रार सुटत नाही, ते नियम करणारं खातं आहे.

चॅनेल काढायला आलात तर बॉक्सचा नंबर किंवा नोंदवलेला मोबाइल सोबत आणा. काढल्याचा मेसेज येईपर्यंत काउंटरसमोरून हलू नका, आणि घरी जाऊन ते चॅनेल एकदा लावून बघा. दिसत असेल तर त्याच दिवशी फोन करा. पुढच्या महिन्याचं बिल निघाल्यावर आलात तर तो महिना तुमच्याच खात्यावर पडतो.